कळकलेलं

नववीत असताना शाळेच्या दारातल्या फळ्यावरचा सुविचार बाबू लिहायचा. बाबू म्हणजे माझा धाकटा भाऊ. त्या कामासाठी सर त्याला पहिल्या तासाला वर्गातून सोडायचे, हा त्यातला खरा फायदा. पण अक्षर होतंच तसं. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावात लग्नाच्या पत्रिकांवर नावं घालायला लोक त्याला बोलवायचे. शंभर पत्रिकांचे पन्नास रुपये आणि वर चहा-बिस्किट.

२०१४च्या जूनमध्ये तो दहावीत गेला आणि त्याचं अक्षर लहान व्हायला लागलं. ओळीच्या सुरुवातीला बरं असायचं, शेवटाकडे जाता जाता बारीक आणि वाकडं व्हायचं. सरांनी वहीवर लाल शाईने ‘आळस’ असं लिहिलं. मी तेव्हा पुण्यात बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला होते. फोनवर आई म्हणाली, “बाबूचं लक्ष नाही अभ्यासात. बोललं की अंगावर येतो.” मी म्हटलं, “मोबाईल काढून घे त्याचा.”

मोबाईल काढून घेतला. त्याने ताट भिरकावलं.

हा बाबू नव्हता. पण सोळाव्या वर्षी कुठला मुलगा आदल्या वर्षीसारखा असतो? आमच्याकडे तयार उत्तरं खूप होती. वय आहे. संगत वाईट आहे. पप्पांवर गेलाय. एका काकूंनी ‘बाहेरचं’ असेल म्हणून लिंबूही उतरवून टाकलं. जिभेचा उच्चार जड झाला, तर शेजारचे म्हणाले, पोरगा तंबाखू खायला लागला बहुतेक.

आणि ते हसू. दिवाळीच्या सुट्टीत मी घरी आले तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. तोंड किंचित उघडं, वरचा ओठ मागे ओढलेला, दात दिसतायत. रागावलं तरी तसंच, जेवताना तसंच. वर्गात सर ओरडले तरी तसंच. “दात काढतोस?” म्हणून तिथे त्याने मारही खाल्ला.

त्याच सुट्टीत आजी गेली. दहाव्याला आम्ही सगळे घाटावर होतो. आमच्याकडे बायकाही जातात. पिंड ठेवलेला, कावळा काही शिवेना. अर्धा तास झाला, तास झाला. पप्पा हात जोडून नदीकडे बघत बसलेले, आत्या रडतायत. आणि बाबू सगळ्यांसमोर दात दाखवत उभा. मी उठले आणि त्याच्या कानाखाली वाजवली. तो पडलाच. पाय आधीच लटपटत होते, हे मला माहीत नव्हतं. पडल्यावरही तोंडावर तेच हसू होतं. मी म्हटलं, “निर्लज्ज.”

ती चापट पुढे बरीच वर्षं माझ्या हातात राहिली.

*

२०१५च्या सुरुवातीला त्याला एका मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं. त्यांनी गोळ्या दिल्या. त्या घेतल्यावर तो लाकडासारखा ताठ झाला, लाळ गळायला लागली. डोस बदलला, आणखी ताठ झाला. दहावीचे दोनच पेपर त्याने दिले. तिसऱ्या दिवशी पेन धरताच आलं नाही.

ऑगस्टमध्ये पुण्याच्या एका मोठ्या रुग्णालयात, तिथल्या गर्दीत, एका न्यूरॉलॉजिस्ट बाईंनी त्याला दोन्ही हात कोपरात वाकवून पंखांसारखे धरायला सांगितले. हात फडफडायला लागले. कापणं निराळं. हे खरंच पंख मारल्यासारखं होतं. त्यांनी आईला विचारलं, “कधी कावीळ झाली होती का याला?” झाली होती, सातवीत. गावातल्या औषधाने ‘उतरली’ होती. मग त्यांनी मोबाईलचा टॉर्च त्याच्या डोळ्यावर तिरका धरला, थोडा वेळ पाहिलं, आणि चिठ्ठी देऊन नेत्रविभागात पाठवलं.

तिथल्या तरुण डॉक्टरने यंत्रातून पाहिलं आणि म्हणाला, “तुम्हीही बघा.” मी डोळा लावला. बुबुळाच्या कडेने, काळ्या-पांढऱ्याच्या सीमेवर, सोनेरी तपकिरी कडं होतं. जरासं हिरवट. तांब्याचं भांडं नीट घासलं नाही की कडेला राहतं ना, अगदी तसं.

“हे काय आहे?”

“तांबं,” तो म्हणाला.

मला वाटलं, उपमा देतोय. उपमा नव्हती. ते खरोखरच तांबं होतं. या कड्याला कायझर-फ्लायशर रिंग म्हणतात. १९०२ आणि १९०३ मध्ये दोन जर्मन नेत्रतज्ज्ञांनी ते वेगवेगळं नोंदवलं, म्हणून दोघांची नावं. आणि आजाराचं नाव विल्सन्स डिसीज. सॅम्युअल अलेक्झांडर किनियर विल्सन या लंडनच्या डॉक्टरने १९१२ मध्ये त्याचं सविस्तर वर्णन केलं: तरुण मुलं, हातापायांचा कंप, ताठरपणा, बोबडं बोलणं, खराब झालेलं यकृत आणि मेंदूच्या आतल्या एका विशिष्ट भागाची झीज. ते अकारण हसूही या आजाराच्या लक्षणांत मोडतं. चेहऱ्याचे स्नायू आखडल्यामुळे होणारं. हे वाचलं तेव्हा मी रुग्णालयाच्या जिन्यात बसले होते. फोन बंद केला आणि बराच वेळ तिथेच बसून राहिले.

*

तांबं विष आहे असं मला तोपर्यंत वाटलं नव्हतं, आणि तसं ते नाहीच. माणसाच्या अख्ख्या शरीरात साधारण १०० मिलिग्रॅम तांबं असतं. चिमूटभर मिठाहून कमी. पण तेवढ्याशिवाय मेंदू चालत नाही. पेशींना ऊर्जा देणाऱ्या साखळीतलं शेवटचं विकर, सायटोक्रोम ऑक्सिडेज, तांब्यावर चालतं. मेंदूत डोपामिनपासून नॉरअ‍ॅड्रेनॅलिन बनवणाऱ्या विकरालाही तांबं लागतं. म्हणजे सावध होणं, लक्ष लागणं, संताप येणं, या सगळ्यात कुठेतरी तांब्याचा अणू कामाला असतो. तांबं इलेक्ट्रॉन सहज देतं आणि सहज घेतं, म्हणून ते उपयोगी. आणि नेमकं म्हणूनच ते मोकळं सुटलं तर धोक्याचं, कारण मग ही देवघेव नको तिथे होते आणि पेशी जळतात.

म्हणून शरीर त्याला मोकळं सोडत नाही. यकृतात एटीपी७बी नावाचं एक प्रथिन आहे. ते थोडं तांबं एका वाहक प्रथिनावर चढवून रक्तात पाठवतं आणि जास्तीचं पित्तावाटे बाहेर टाकतं. बाबूच्या यकृतात हा हमालच कामाला येत नव्हता. डाळीतून, धान्यातून, दाण्याच्या कुटातून रोज येणारं तांबं यकृतात साठत गेलं. सातवीतली कावीळ ही त्याची पहिली खूण असावी. यकृत भरल्यावर ते रक्तात सांडलं, आणि तिथून डोळ्यात, मेंदूत. मेंदूत ते मुख्यतः हालचालींना वळण लावणाऱ्या भागात जाऊन बसतं. अक्षर तिथून येतं. जिभेचं वळण तिथून येतं. चेहऱ्यावर हसू केव्हा आणायचं आणि केव्हा पुसायचं, त्यातही त्या भागाचा हात असतो.

रिपोर्ट आले. तांबं वाहून नेणारं प्रथिन निरोगी माणसाच्या रक्तात दर १०० मिलिलिटरमागे २० ते ४० मिलिग्रॅम असतं. बाबूचं ६ होतं. चोवीस तासांच्या लघवीत तांबं ५० मायक्रोग्रॅमच्या आत असावं. त्याचं ४१२ होतं. ताट भिरकावणं, उलट बोलणं, ‘आळस’, ‘निर्लज्ज’. सगळ्याचा हिशेब दोन आकड्यांत आला.

*

आईने एकच गोष्ट विचारली. “रोज सकाळी तांब्याच्या भांड्यातलं पाणी मीच द्यायचे त्याला. त्यानं झालं का?”

डॉक्टर म्हणाल्या, “नाही हो. त्या पाण्यानं काही झालेलं नाही. हे जन्मापासूनचं आहे.” मग त्यांनी पप्पांना विचारलं, “तुमचं नात्यात लग्न आहे का?”

आई पप्पांच्या मामाची मुलगी. आमच्याकडे त्यात लपवण्यासारखं काही नाही, उलट कौतुकच. डॉक्टरांनी कागदावर चार चौकोन काढले. या जनुकाची एक प्रत बिघडलेली असेल तर काही होत नाही, दुसरी काम सांभाळते. साधारण नव्वद माणसांत एक जण असा असतो, आणि त्याला कधीच कळत नाही. दोघं आईबाप तसे निघाले तर प्रत्येक मुलाला आजार होण्याची शक्यता चारात एक. नात्यात लग्न असलं की दोघांकडे एकाच पूर्वजाची तीच चूक असण्याचा संभव वाढतो. नात्याबाहेरच्या लग्नातही हा आजार होतो, हेही त्यांनी दोनदा सांगितलं. मुंबईचे डॉ. दारब दस्तूर आणि डॉ. नोशीर वाडिया यांनी १९६८ सालीच भारतातल्या अशा कुटुंबांवर अभ्यास प्रसिद्ध केला होता, हे मी पुढे वाचलं. माझ्या आईवडिलांच्या लग्नाच्या कितीतरी आधी.

मग डॉक्टर माझ्याकडे वळल्या. “हिचीही तपासणी करायची.”

चारात एक. माझ्या रिपोर्टला लागलेल्या दिवसांत मी रोज रात्री बाथरूममध्ये जाऊन मोबाईलचा टॉर्च डोळ्यावर तिरका धरायचे आणि आरशात कडं शोधायचे. दिसायचंही. मग दिसायचं नाही. वहीत रोज एकच ओळ लिहून अक्षर लहान होतंय का ते बघायचे. रूममेटवर दुधावरून ओरडले आणि लगेच घाबरले, हे कोण ओरडलं? आपला राग आपला आहे याची माणसाला इतकी खात्री असते, की ती गेल्यावर काय होतं ते सांगता येत नाही. मी भांडण्याआधी थांबायला लागले. थांबल्यावर वाटायचं, हा शहाणपणा तरी माझा आहे का?

रिपोर्ट चांगला आला. माझ्याकडे बिघडलेली एकच प्रत आहे. मला काही होणार नाही. मी आनंदाने रडले आणि मग त्या आनंदाची लाज वाटली.

*

आजी असती तर तिने हा आजार एका शब्दात समजून घेतला असता. तिच्याकडे शब्द होता. कळकणं.

पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्याची कल्हई उडाली आणि त्यात ताक, चिंचेची आमटी असं काही आंबट ठेवलं, की ते कळकतं. हिरवट होतं, चव तुरट, प्यायलं की मळमळतं. आंबटाने भांड्यातलं तांबं पदार्थात उतरतं, एवढंच त्यामागचं रसायन. म्हणून कल्हईवाला यायचा. दारात भट्टी लावून, भाता मारून भांडं तापवायचा, नवसागर टाकायचा, पांढरा धूर उठायचा आणि मग कथलाचा तुकडा फिरवून कापसाच्या बोळ्याने झरझर पुसायचा. काळं भांडं आतून चंद्रासारखं व्हायचं. मी आणि बाबू ते बघायला शाळा बुडवायचो.

हे नुसतं स्मरणरंजन नाही. पूर्वी आपल्याकडे तान्ह्या मुलांना यकृताचा एक आजार व्हायचा, इंडियन चाइल्डहुड सिऱ्होसिस. मुलं दोन-तीन वर्षांची होण्याआधीच जायची. त्यांच्या यकृतात तांबं भरलेलं असायचं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. आनंद पंडित, डॉ. शीला भावे आणि ब्रिटनचे डॉ. स्टुअर्ट टॅनर यांनी १९८३ मध्ये मांडलं, की या बाळांना फार लवकर वरचं दूध सुरू झालेलं होतं, आणि ते तांब्या-पितळेच्या भांड्यांत तापवलेलं, साठवलेलं होतं. घरोघरी स्टील आणि अ‍ॅल्युमिनियम आलं आणि तो आजार जवळजवळ नाहीसाच झाला. बाबूचा आजार वेगळा. त्याचं भांडं यकृत होतं, आणि त्याला आतून कल्हईच नव्हती.

आणि तांबं कमी पडलं तर? तेही वाईटच. मेन्केस नावाच्या आजारात तांबं शरीरात नीट शिरतच नाही. बाळांचे केस तारेसारखे विस्कटलेले असतात आणि मेंदू वाढत नाही. ऑस्ट्रेलियातले डॉ. डेव्हिड डँक्स यांना त्या केसांवरून तिथल्या मेंढ्यांची लोकर आठवली. तांबं कमी असलेल्या कुरणात चरणाऱ्या मेंढ्यांची लोकर अशीच होते, हे तिकडे माहीत होतं. त्यावरून १९७२ मध्ये त्या आजाराचं कारण कळलं. एकीकडे लोकर, एकीकडे आंबलेलं ताक. डॉक्टरांच्या आधी मेंढपाळ आणि आज्या होत्या.

*

उपचाराची गोष्टही अशीच आडवळणाची. दुसऱ्या महायुद्धात आर्सेनिकच्या विषारी वायूवर उतारा म्हणून ऑक्सफर्डमध्ये एक औषध शोधलं होतं. ते धातूला धरून शरीराबाहेर नेतं, म्हणून १९५१ पासून विल्सनच्या रुग्णांना दिलं जाऊ लागलं. शेंगदाण्याच्या तेलातलं, भयंकर दुखणारं इंजेक्शन. मग जॉन वॉल्श नावाच्या तरुण ब्रिटिश डॉक्टरच्या लक्षात आलं, की पेनिसिलिनपासून तयार होणारं पेनिसिलामाइन तांब्याला धरू शकेल, आणि ते तोंडाने घेता येईल. रुग्णाला देण्याआधी त्याने ते स्वतः घेऊन पाहिलं. १९५६ मध्ये त्याने हे प्रसिद्ध केलं. त्याआधी हा आजार म्हणजे मरण होतं.

बाबूला तेच सुरू झालं. डॉक्टरांनी बजावलं होतं, की मेंदूवर परिणाम झालेले काही रुग्ण आधी बिघडतात, कारण साठलेलं तांबं हलायला लागतं. बाबू बिघडला. तीन महिने त्याला उठून बसता येत नव्हतं. आई चमच्याने भरवायची. काजू, दाणे, चॉकलेट, कलेजी, खेकडे बंद. दाण्याच्या कुटाशिवाय स्वयंपाक कसा करायचा, हे आई त्या वर्षी नव्याने शिकली. तांब्याची सगळी भांडी तिने माळ्यावर टाकली. डॉक्टरांनी नाही म्हटलं होतं तरी तिच्या मनातून ते पाणी गेलं नव्हतं.

चौथ्या महिन्यात तो एकदा म्हणाला, “आई, पाणी.” दोन्ही शब्द स्वच्छ.

मग हळूहळू, वर्षं लागली. आता तो जस्ताच्या, म्हणजे झिंकच्या गोळ्यांवर आहे. झिंकमुळे आतड्याच्या पेशींत एक प्रथिन वाढतं, ते अन्नातलं तांबं धरून ठेवतं आणि त्या पेशी झडल्या की त्यांच्यासोबत ते निघून जातं. एका धातूला दुसऱ्या धातूचा पहारा. दिवसातून तीनदा, रिकाम्या पोटी, जन्मभर. बंद केलं तर परत सगळं येतं आणि या वेळी थांबत नाही.

अक्षर परत आलं नाही. बोलणं थोडं संथ आहे, जिना उतरताना कठडा लागतो. तो तालुक्याला एका फ्लेक्सच्या दुकानात कोरलड्रॉवर काम करतो. वाढदिवसांचे, निवडणुकांचे, श्रद्धांजलीचे बोर्ड. ‘ळ’ची गाठ बिघडलेला फॉन्ट त्याला अजून चालत नाही. गिऱ्हाईक थांबवून बदलतो.

*

गेल्या वर्षी गावाकडच्या जमिनीवरून आमचं भांडण झालं. मी त्याला न विचारता पप्पांशी काहीतरी ठरवलं होतं. तो ओरडला, टेबलावर हात आपटला. माझ्या तोंडून निघून गेलं, “गोळ्या घेतोयस ना वेळेवर? लघवीची तपासणी कधी केली होती?”

तो गप्प झाला. मग हळू, एकेक शब्द सुटा करत म्हणाला, “ताई, माझा प्रत्येक राग तांब्याचा नसतो. हा माझा आहे. तू मला विचारलं नाहीस म्हणून आलाय.”

मला उत्तर नव्हतं. दहा वर्षं मी स्वतःला समजावत होते, की तेव्हाचा बाबू म्हणजे आजार, त्याचं काही मनावर घ्यायचं नाही. त्यात माझीही सोय होती. आजाराशी भांडण नसतं, आजाराची माफी मागायची नसते. आणि आता तो बरा असतानाही मी त्याचा राग त्याच्या हातातून काढून प्रयोगशाळेत पाठवत होते. आधी आजाराला स्वभाव म्हटलं, आता स्वभावाला आजार म्हणत होते. दोन्ही वेळी त्याला विचारलं नव्हतं.

म्हणून त्या रात्री विचारलं. घाटावरच्या चापटीचं. पहिल्यांदाच. म्हटलं, “बाबू, मला माफ कर. तू हसत नव्हतास. तो आजार होता.”

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “काकांनी पिंडाशेजारी काय ठेवलं होतं आठवतं?”

आठवलं. कावळा शिवेना म्हणून काकांनी शेवटी आजीची मशेरीची डबी आणून ठेवली होती.

“ते डबी घेऊन येत होते तेव्हाच मला कळलं होतं, आता कावळा येणार. आजी मेल्यावरही मशेरीशिवाय जेवत नव्हती.” त्याचे खांदे हलायला लागले. “ताई, मी खरंच हसत होतो गं.”

तो खरं सांगत होता की मला सोडवत होता, ते मला कळलं नाही. त्याच्या चेहऱ्यावरून कळावं इतकं ते हसू अजूनही त्याच्या ताब्यात नाही. पण त्या रात्री आम्ही दोघं पोट धरून हसलो, आई उठून बघायला आली इतकं.

साडेनऊला त्याच्या फोनचा अलार्म वाजला. मी पाणी आणायला उठले. तो म्हणाला, “बस तू. मी घेतो.”